एका सॅम्पलवर लॉट पास होत नाही

भाऊसाहेबांच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या उजव्या टोकाला दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल जागा रिकामी आहे. तिथं कुणी काही ठेवायचं नाही. वहिनींनी एकदा कोथिंबीर निवडायला परात टेकवली, तर भाऊसाहेबांनी ती एक शब्दही न बोलता उचलली आणि जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्या जागेवर भिंतीत सोळा अँपिअरचा प्लग आहे, त्याला स्वतंत्र एमसीबी आहे. शेजारी पाण्याची बारीक नळी येऊन थांबलीय. ग्रॅनाइटला निचऱ्यासाठी भोक पाडून ठेवलंय. वरचं कपाट चार इंच कापून घेतलंय, कारण यंत्राची पाण्याची टाकी वरून उचलायची असली तर हात फिरायला जागा पाहिजे. सगळी तयारी झालीय. फक्त एस्प्रेसो मशीन आलेलं नाही. भाऊसाहेबांचं इव्हॅल्युएशन अजून चालू आहे.

वस्तू पारखून घेणारी माणसं कोथरुडात पैशाला पासरी मिळतील. पण त्यांतली बहुतेक पारखून झाल्यावर ती वस्तू घेतात. भाऊसाहेबांची जात वेगळी. उभी नोकरी त्यांनी चिंचवडच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात काढली. पुरवठादारांनी पाठवलेला माल नाकारणं हे त्यांचं काम होतं आणि ते त्यांनी मन लावून केलं. निवृत्त झाल्यावर माल यायचा थांबला, नाकारायची उमेद मात्र तशीच राहिली. हापूसच्या पेटीतही ते वरच्या थराला हात लावत नाहीत. 'वरचं सॅम्पल व्हेंडर स्वतः निवडतो,' म्हणून थेट तळात हात घालतात. आमच्या कोपऱ्यावरचा आंबेवाला हल्ली त्यांना लांबून येताना बघतो आणि पेट्यांवर गोणपाट टाकून 'आज माल नाही' असं आपणहून सांगतो.

कॉफीचं वेड त्यांना लागलं ते नोकरीच्या शेवटाला. कंपनीनं त्यांना एक मशिनरी पास करायला इटलीत, तुरिनला धाडलं होतं. तिथं सकाळी कामावर जाणारी माणसं बारच्या काउंटरशी उभ्या उभ्या एस्प्रेसो मागतात, तीन घोटांत संपवतात, युरोभर पैसे ठेवतात आणि चालू लागतात. सगळे कपाकडे बघत होते, भाऊसाहेब काउंटरच्या पलीकडे. तिथं यंत्राच्या छातीवर दाबाचं घड्याळ होतं आणि त्याचा काटा नवावर होता. "हलला नाही हो," ते अजून सांगतात, आणि हे सांगताना त्यांचा आवाज उतरतो, जो मुलीच्या पाठवणीतही उतरला नव्हता. कॉफी कशी होती, असं मी विचारलं. "असेल चांगली," म्हणाले. "गर्दी होती."

तोवर त्यांच्या घरात कॉफी म्हणजे माईंची, म्हणजे त्यांच्या आईंची. आटवलेलं दूध, साखर सढळ, वरून किसलेलं जायफळ. पाहुणे रात्री जेवून पत्ते खेळायला बसले की ती व्हायची. तिला अंश नव्हते, दाब नव्हता, ग्रॅम नव्हते.

परत आल्यावर भाऊसाहेबांनी आधी इतिहासाला हात घातला. पुरवठादाराचं खानदान तपासल्याशिवाय ते कधी पुढं जात नाहीत. हा इतिहास आता आमच्या सोसायटीत सगळ्यांना पाठ आहे, गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा. तुरिनच्याच आन्जेलो मोरिओन्दोनं १८८४ साली वाफेच्या जोरावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरानं एकेका गिऱ्हाइकाला एकेक कप देणारं यंत्र आणलं, पाव्होनीनं ते हक्क घेऊन त्याचा धंदा केला. पण नुसत्या वाफेचा दाब जेमतेम दीड-दोन बार, आणि त्या वाफेनं कॉफीला करपट वास लागायचा. मग मिलानचाच आकिले गाज्जा आला. त्यानं वाफेच्या जागी दांडा आणि स्प्रिंग बसवली, आणि १९४०च्या दशकाच्या शेवटी त्याच्या यंत्रांतून आठ-नऊ बारांच्या दाबानं कॉफी उतरायला लागली. तिच्यावर पिवळसर तपकिरी फेस आला, ज्याला क्रेमा म्हणतात. हा कसला फेस म्हणून लोक आधी बिचकले. गाज्जानं मग 'क्रेमा कॉफी' अशी पाटीच लावली आणि दोष होता तो गुण ठरला. इथं भाऊसाहेब थांबतात. उभ्या कारकिर्दीत एकाही व्हेंडरला हे त्यांच्यासमोर जमलं नव्हतं.

या पुराणाचा कळस म्हणजे फाएमा कंपनीचं ई-६१. दांडा ओढायच्या जागी विजेचा पंप आला, आणि कॉफी जिथून उतरते ते चार-एक किलोचं पितळी डोकं गरम पाणी सतत आतून फिरवून तापतं ठेवायची युक्ती आली. या डोक्याची नक्कल आजही घरगुती यंत्रांत सर्रास असते. 'ई' म्हणजे एक्लिप्स, ग्रहण. १५ फेब्रुवारी १९६१ला इटलीत खग्रास सूर्यग्रहण दिसलं, त्यावरून हे नाव. भाऊसाहेबांनी ही गोष्ट जेवताना कौतुकानं सांगितली. माईंनी हातातला घास खाली ठेवला.

"ग्रहणाचं यंत्र? ग्रहणात आपण साधं पाणी पीत नाही, आणि तू कॉफी करणार?"

"माई, ग्रहण साठ वर्षांपूर्वी सुटलं."

"मग आंघोळ घातलीय का त्याला कुणी?"

भाऊसाहेबांनी त्या रात्री इव्हॅल्युएशनच्या तक्त्यात ई-६१ डोक्याच्या रकान्यापुढं 'घरातून हरकत' अशी नोंद केली. इव्हॅल्युएशन शास्त्रशुद्ध असेल तर प्रत्येक हरकत नोंदवावी लागते.

वहिनींची हरकत निराळी. नऊ बार म्हणजे नेमकं किती, एवढंच त्यांना हवं होतं. आपल्या कुकरात साधारण एक बार असतो, असं भाऊसाहेब बोलून गेले. "म्हणजे नऊ शिट्ट्या," वहिनी म्हणाल्या आणि आमटीकडे वळल्या. शिट्ट्यांची संख्या आणि दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना आमटीच्या उकळीपासून पानं घेईपर्यंत ऐकावं लागलं. शेवटी त्यांनी विचारलं, "पण शिजते ना तेवढ्यात?"

आता तो तक्ता. संगणकावर त्याची आडवी लांबी इतकी आहे की उजवीकडं सरकवताना डावीकडं काय होतं ते विसरायला होतं. मुळातला प्रश्न मात्र सरळ आहे आणि भाऊसाहेबांकडूनच तो समजून घ्यावा, कारण मास्तर म्हणून ते उत्तम. कॉफीला पाणी लागतं नव्वद ते शहाण्णव अंशांचं. दुधाचा फेस करायला वाफ लागते, तिचा बॉयलर एकशेवीस-पंचवीस अंशांवर ठेवावा लागतो. एकाच बॉयलरकडून दोन्ही कामं करून घ्यायची तर एक काम करा, थांबा, मग दुसरं करा. चार पाहुणे आले तर शेवटच्याला कप मिळेपर्यंत पहिला निरोप घेऊन निघालेला असतो. दुसरा मार्ग हीट एक्स्चेंजरचा. वाफेच्या बॉयलरच्या पोटातून एक नळी काढायची आणि ताजं पाणी तिच्यातून जाता जाता तापवायचं. पण यंत्र नुसतं बसून राहिलं की त्या नळीतलं पाणी वाजवीपेक्षा तापतं, मग पहिली धार मोरीत सोडून द्यावी लागते. पाणी सोडून देणं भाऊसाहेबांना जमत नाही; त्यांनी खडकवासला कोरडं पडलेलं पाहिलंय. तिसरा मार्ग दोन स्वतंत्र बॉयलरांचा. फ्लॉरेन्सची ला मार्झोक्को ही १९२७ची कंपनी; तिनं १९७० साली ही रचना बाजारात आणली आणि २०१५ साली लिनिया मिनी नावाचं घरच्या ओट्यावर मावणारं यंत्र काढलं. त्याच्या किमतीत आपल्याकडं बऱ्यापैकी सेकंडहँड मोटार येते. मोटारीला निदान पार्किंग आहे, असं वहिनींचं म्हणणं.

तक्त्यात गुण शंभरपैकी. तापमान किती स्थिर राहतं याला वीस. दाब आणि धार हातानं बदलता येते का याला पंधरा. सुटे भाग पुण्यात मिळतात का, पंधरा. पंपाचा आवाज, दहा: साधा व्हायब्रेशन पंप गुरगुरतो, रोटरी शांत असतो आणि थेट नळाला जोडता येतो, खालच्या मजल्यावरच्या आजोबांची झोप हलकी आहे. यंत्र तापायला लागणारा वेळ, दहा: पितळी डोकं धड तापायला अर्धा-पाऊण तास घेतं, म्हणजे सहाची कॉफी हवी तर सव्वापाचला बटण दाबायला हवं. पुढं रबरी गॅस्केट बदलायची सोय, निचऱ्याच्या ट्रेची खोली, बाजूच्या पत्र्याची जाडी. अगदी शेवटी, पत्र्याच्याही खाली, एक रकाना आहे: चव. गुण दोन.

"दोनच?" मी म्हटलं.

"चव सब्जेक्टिव्ह असते," भाऊसाहेब म्हणाले. "ती गेजवर दिसत नाही."

पाण्याचं प्रकरण या तक्त्यातून फुटून स्वतंत्र फाईल झालंय, आणि तिथं मात्र ते शंभर टक्के बरोबर आहेत. महागडी यंत्रं बिघडतात ती बहुतेक पाण्यानं. जड पाण्याचा क्षार बॉयलरात बसतो, बारीक नळ्या चोंदतात. आमच्याकडं पावसाळा-हिवाळा महापालिकेचं पाणी असतं, ते मऊ. एप्रिल उजाडला की टँकर, आणि टँकरमधलं पाणी कुठल्या बोअरचं ते टँकरवालाही सांगत नाही. बरं, आरओचं पाणी घालावं तर तेही अति शुद्ध असून चालत नाही. बॉयलरात पाणी आहे की नाही हे ओळखणारी कांडी पाण्यातून वीज वाहते का यावर ठरवते. क्षारच नसले तर भरलेला बॉयलर तिला रिकामा वाटतो आणि यंत्र पाणी भरतच राहतं. म्हणून भाऊसाहेब शुद्ध पाण्यात चिमूटभर पोटॅशियम बायकार्बोनेट मोजून घालतात आणि ते बरणीत भरून, तारखेची चिठ्ठी लावून ठेवतात. यंत्राचं पाणी तयार आहे. ते दर महिन्याला झाडांना जातं आणि नवं होतं.

हा सगळा अभ्यास व्हायच्या कितीतरी आधीपासून वहिनी टँकरचं पाणी तूरडाळीवरून ओळखतात. पाणी जड असलं की डाळ टचटचीत राहते. भाऊसाहेबांनी टीडीएसचं मीटर आणलं त्या दिवशी दोघांनी एकाच बादलीचा निकाल स्वतंत्रपणे दिला आणि निकाल जुळला. मीटर कॅलिब्रेट झालं, असं भाऊसाहेबांनी लिहून ठेवलं. डाळ कॅलिब्रेट झाली, असं त्यांनी लिहायला हवं होतं, पण ते राहिलं.

या क्षेत्रातले सगळे जाणकार एक गोष्ट सांगतात: यंत्रापेक्षा ग्राइंडर महत्त्वाचा. पूड एकसारखी नसेल तर पाणी सोप्या वाटेनं पळतं, तिथली कॉफी कडू होते, उरलेली आंबट राहते. तेव्हा भाऊसाहेबांनी ग्राइंडर आधी घेतला. तो आला, पास झाला (मी स्वतः साक्षीदार आहे, त्या दिवशी सोसायटीत पेढे वाटायचे राहिले होते) आणि रोज सकाळी चालतो. अठरा ग्रॅम बिया दशांशापर्यंत मोजायच्या. दळण्याआधी त्यांवर पाण्याचा एक फवारा मारायचा, म्हणजे पूड विजेनं भारली जाऊन भांड्याला चिकटत नाही. ही भानगड खरी आहे हे ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली दाखवलं, आणि त्या चमूत ज्वालामुखीच्या राखेतली वीज अभ्यासणारेही होते. मग पूड सुयांनी विंचरायची, म्हणजे गुठळ्या मोडतात. वाइस नावाच्या अमेरिकन गृहस्थानं ही रीत २००५ साली काढली, तीही दह्याच्या डब्याचं बूड कापून आणि एक सुई घेऊन. आता त्याच सुया सागवानी मुठीसकट हजारोंना विकतात. भाऊसाहेबांनी हे हजारो वाचवले. ॲक्युपंक्चरच्या सुया आणल्या आणि बुचात खोचल्या. सुयांचं पाकीट वहिनींना कपाटात सापडलं तेव्हा यांना काय झालंय आणि हे आपल्यापासून काय लपवताहेत, या काळजीत त्यांनी दोन रात्री काढल्या.

बियाही अशाच निवडून येतात. चिकमगळूरच्या असतात. मध्येच महाराष्ट्राभिमानानं चिखलदऱ्याच्या. किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वारं खाऊन फुगलेल्या 'मान्सून्ड मलबार'वर ते बरेच दिवस अडले होते. दमट झालेला माल म्हणजे त्यांच्या लेखी सरळ रिजेक्ट. आणि इथं मुद्दाम दमट करून, वर भौगोलिक मानांकन मिळवून तो विकला जातो, एस्प्रेसोच्या मिश्रणांत मुद्दाम घातला जातो. गाज्जाचा फेस आठवून त्यांनी शेवटी तो पास केला.

आता चौकस वाचक विचारील की यंत्रच नाही, तर रोजच्या त्या अठरा ग्रॅम पुडीचं होतं काय? ती माईंच्या पातेल्यात जाते. एकेक कण मोजूनमापून दळलेली, फवारलेली, विंचरलेली ती पूड आटवलेल्या दुधात खळाखळा उकळते आणि वरून जायफळ पडतं. माईंचा अभिप्राय असा की हल्ली वाण्याकडं पूड बरी येते.

गेल्या वर्षी एकदाचा डेमोचा योग आला. मुंबईच्या एका शोरूममध्ये वेळ ठरवून भाऊसाहेब, वहिनी आणि मी गेलो. सामानात त्यांचं स्वतःचं पाणी, स्वतःच्या बिया, वजनकाटा, स्टॉपवॉच आणि थर्मामीटर. तिथला मुलगा विशीतला, हातावर कॉफीच्या फांदीचं गोंदण, स्वभावानं गोड. त्यानं आधी हसून पाण्याची बरणी बाजूला ठेवली. भाऊसाहेबांनी तितकंच हसून ती पुन्हा पुढं सरकवली. पहिल्या खेपेला तळ नसलेलं फिल्टर लावलं होतं. त्यातून धार कशी उतरते ते उघड दिसतं, आणि पूड नीट बसली नसेल तर कारंजंही उघड उडतं. ते भाऊसाहेबांच्या सदऱ्यावर उडालं. त्यांना फार आनंद झाला. दोष सापडला होता. तो मुलाचा होता, यंत्राचा नव्हे, हे दुसऱ्या खेपेला ठरलं: अठरा ग्रॅम आत, छत्तीस ग्रॅम बाहेर, सत्तावीस सेकंद, काटा नवावर. भाऊसाहेबांनी कपात थर्मामीटर बुडवला, आकडा लिहिला, फेसाचा फोटो घेतला, फेस विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. तो पूर्ण विरला.

"कशी वाटली, सर?" मुलानं विचारलं.

सरांनी ती प्यायलीच नव्हती. कप वहिनींच्या हातात होता आणि रिकामा होता. "छान आहे रे," त्या म्हणाल्या. "साखर असती तर अजून बरी लागली असती. अहो, घेऊन टाका. चांगलं आहे हे."

भाऊसाहेबांनी वही मिटली. "एका सॅम्पलवर लॉट पास होत नाही," म्हणाले. नोकरीभर हे वाक्य ऐकणाऱ्या पुरवठादारांचे चेहरे कसे होत असतील, ते मला त्या मुलाकडं बघून कळलं.

हा चिक्कूपणा आहे, असं वरवर कुणी म्हणेल. ते खरं नाही. ग्राइंडर, सुया, प्लंबर, सुतार आणि ग्रॅनाइटवाला यांच्यावर त्यांचा झालेला खर्च एका बऱ्या यंत्राच्या आसपास पोचलाय. मला वाटतं, याचं मूळ त्यांच्या वडिलांच्या चेतकमध्ये आहे. त्या पिढीनं स्कूटर निवडली नाही. पैसे भरून नंबर लावला आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली. नंबर लागला तेव्हा जो रंग आला तो आवडता रंग. टेलिफोनचं तेच, गॅसचं तेच. नाही म्हणायची सोयच नव्हती. भाऊसाहेबांच्या हाती ती सोय पहिल्यांदा आली, कारखान्यात पगारी आणि आता बिनपगारी, आणि बापाच्या वाट्याचे नकारही ते स्वतःच देऊन टाकताहेत. शिवाय वाट बघायची घराण्याची सवय मोडावी लागली नाही, हा फायदा वेगळाच.

या सगळ्यात त्यांना खरी जखम केली ती बाणेरच्या त्यांच्या एका डॉक्टर मित्रानं. त्यानं कुणालाही न विचारता, दुकानात जे समोर दिसलं आणि ज्याचा रंग बायकोला आवडला, ते यंत्र उचललं. वजनकाटा नाही. पूड डोळ्यांच्या अंदाजानं. पाणी नळाचं. आम्ही गेलो तेव्हा गप्पा मारता मारता, मागं न बघता त्यानं कॉफी काढली. ती इतकी सुरेख होती की मी दुसरा कप मागितला. भाऊसाहेबांनी एक घोट घेतला आणि बराच वेळ बोलले नाहीत. खाली उतरल्यावर म्हणाले, "रिपीट होणार नाही." तेव्हापासून ते डॉक्टरच्या घरी गेलेले नाहीत, कारण ती रिपीट होईल अशी त्यांना धास्ती आहे.

सध्या तक्ता पुन्हा पहिल्यापासून सुरू झालाय. कॉफी उतरताना पाण्याची धार बारीक-मोठी करता येईल, अशी सोय असलेली यंत्रं वाढलीत, तेव्हा जुने गुण रद्द. मध्ये युरो वधारला, म्हणून किमतीचा रकाना रद्द. दरम्यान त्यांच्याच सल्ल्यानं आमच्या सोसायटीत तिघांनी यंत्रं घेतली आणि तिन्ही बिनतक्रार चालताहेत. तिघांच्याही घरी जाऊन भाऊसाहेब गॅस्केट बदलून देतात आणि कॉफी दिली तर 'ॲसिडिटी होते' म्हणून नको म्हणतात.

तेव्हा तुम्हाला असलं यंत्र घ्यायचं मनात असेल, तर इकडंतिकडं विचारत बसू नका, थेट भाऊसाहेबांकडं जा. ग्राइंडरला पैसे आधी काढून ठेवा, नळाच्या पाण्यात तूरडाळ शिजवून बघा, ओट्याजवळ सोळा अँपिअरचा प्लग आहे का ते पाहून ठेवा. एवढा गृहपाठ केलेला माणूस त्यांना आवडतो आणि ते दोन तासांत सोडतात. जायचं ते संध्याकाळी पाचनंतर. माई तोवर उठलेल्या असतात, आणि त्या घरात कॉफी करतात त्या फक्त माईच.